गुडघ्यापर्यंत बाप्तिस्मा

रविवारी आमच्या प्रार्थनेच्या हॉलबाहेर चपलांचे वीस-पंचवीस जोड असतात. प्रार्थना संपून चहा सुरू झाला की जोडागणिक एक किस्सा निघतो. आत ऐकलेलं कुणी विसरेल, चहाजवळ ऐकलेलं कुणी विसरत नाही. सगळे मला म्हणतात, "तात्या, तुमी हे लिहून ठेवा." माझी शाळा चौथीपर्यंत. बोलणंही सावकाश. मी वाक्य सुरू केलं की समोरचा तेवढ्यात पाणी पिऊन येतो! लिहिताना निदान कुणी उठून जात नाही.

हॉल म्हणजे गंगाखेडला उसाच्या फडाशेजारी असलेली पत्र्याची लांब खोली. माझी बायको कौसाबाई तेवीस वर्षांपूर्वी तिथं जायला लागली. तिला सोडायला मी जायचो. बाहेर नुसतं उभं कुठवर राहायचं, म्हणून आत जाऊन सतरंज्या अंथरल्या. त्या अजून अंथरतो आहे. शिकवण ऐकली, समजली, पुष्कळशी पटलीसुद्धा. कौसानं बाप्तिस्मा घेतला. मी नाही घेतला. तेव्हापासून तिला एकच घोर लागून आहे, की मेल्यावर ती एकीकडे आणि मी दुसरीकडे.

आत्ताही डोकावून गेली.

"काय लिवायलाव?"

"किस्से."

"शेवटी ह्यांनी हो म्हणलं, असं लिवा की!"

*

तिचा बाप्तिस्मा गंगेत झाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तेव्हाचे पास्टर वयानं मोठे, शांत माणूस. कौसाला पाण्याची लहानपणापासून भीती. काठावर तिनं माझं मनगट जे धरलं ते सोडेचना. मग मीही धोतर वर खोचून तिच्याबरोबर उतरलो. गुडघ्याएवढ्या पाण्यात पोचलो तेव्हा पास्टर हसले.

"तात्या, इथवर आलातच, तर आणखी चार पावलं!"

मी म्हणालो, "साहेब, मी हात धरायला आलोय."

तिनं हात सोडला, पुढं गेली, पाण्याखाली गेली आणि वर आली. वर आल्याबरोबर तिनं आधी मागं वळून पाहिलं. मी होतो तिथंच उभा होतो.

पुढच्या रविवारी पास्टरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आपल्या तात्यांचा गुडघ्यापर्यंत बाप्तिस्मा झालेला आहे!"

अजून लोक हसतात. कौसा हसत नाही. ती विचारते, "आन् गुडघ्याच्या वरचं काय करायचं?"

*

धोंडिबा आमच्या गल्लीतला. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला. बायकोच्या आजारपणात प्रार्थनेला यायला लागला. तोवर म्हातारे पास्टर गेले होते आणि त्यांच्या जागी नवीन आले होते, त्यांना सगळे ब्रदर म्हणतात. परभणीचं पोरगेलं माणूस, जीव लावून बोलणारं. त्या दिवशी त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली. शंभर मेंढरं होती, एक हरवलं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला.

धोंडिबा ताडकन उभा राहिला.

"नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली?"

ब्रदर गोंधळले. "म्हणजे… ती सुरक्षित होती."

"रानात? कुत्रं होतं का संगं? लांडगा काय सुट्टीवर होता? असला गडी मी एक दिवस ठिवला नसता!"

हॉलमध्ये खसखस पिकली. ब्रदरांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठलो. सावकाश बोललो, पण त्या दिवशी पाणी प्यायला कुणी गेलं नाही.

"धोंडिबा, तू मेंढपाळाच्या बाजूनं बघायलास. जरा मेंढराच्या बाजूनं बघ. अंधार पडलाय, तू काट्यात अडकलास, वरडायलास. तवा तू काय म्हणशील? आधी नव्व्याण्णवाचं बघा म्हणशील, का मला शोधा म्हणशील?"

धोंडिबा खाली बसला. दोन महिन्यांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला. ओल्या अंगानंच माझ्यापाशी आला. "तात्या, मला तुमी समजून सांगितलं. मग तुमी कामून बाहेर?"

मी म्हणालो, "मी अजून नव्व्याण्णवात हाय, बाबा."

*

एकदा बाहेरगावचे मोठे पास्टर आले. त्यांच्या कानावर माझं नाव गेलं होतं. म्हणाले, "आज काका साक्ष देतील."

मी विचारलं, "कुणाचं भांडण झालंय?"

मग कळलं की साक्ष म्हणजे मनातलं चार शब्दांत सांगायचं. मी उधळ्या मुलाची गोष्ट घेतली. वाटणी घेऊन, सगळं उडवून, डुकरं राखून घरी परत आलेला तो मुलगा. मी म्हणालो, "लोक पोराचंच सांगतेत. मला बापाचं वाटतं. पोरगं लांब हाय तवाच बापानं त्याला बघितलं, असं लिहिलंय. लांबून कसं दिसलं? रोज वाटंवर जाऊन उभा राहत असंल, तवाच दिसलं."

पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काका, आपण प्रभूत कधी आलात?"

मी उत्तर जुळवतोय तोवर बायकांच्या बाजूनं कौसाचा आवाज आला.

"आले न्हाईत अजून! वीस वर्षं सतरंजीवरच हायेत!"

सतरंज्यांसकट सगळा हॉल हसला. घरी येताना ती माझ्या दहा पावलं पुढं चालली.

*

मागच्या साली कौसाला चार पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल. वय धरून भरवसा देता येणार नाही, असंही म्हणाले. तिला ऑपरेशनची भीती नव्हती. तिची भीती वेगळीच होती, आणि ती मला ठाऊक होती.

ब्रदर दुपारी घरी आले. कौसा पडून होती. ते हळूच म्हणाले, "तात्या, तुम्हाला सगळं समजतं. मला सुचत नाही ते तुम्ही लोकांना समजावता. मग अडतं कुठं?"

मी म्हणालो, "माझी माय तुळशीला पाणी घालून मेली. तिनं ह्या प्रभूचं नाव कदी ऐकलं न्हाई. कुणी सांगितलंच न्हाई तिला. एकच वाट हाय म्हणता, तर माझी माय कुठं हाय आता?"

ब्रदरांनी पवित्र शास्त्र उघडलं. दोन-तीन जागी बोट ठेवलं. परत मिटलं. त्यांचं पोरगेलं तोंड पाहून मलाच वाईट वाटलं. दुसरा कुणी असता तर त्यानं काहीतरी ठोकून दिलं असतं.

"तात्या, मला थोडा वेळ द्या."

"घ्या की. मी बी त्याच्याकडं तेच मागायलोय."

*

ऑपरेशनसाठी नांदेडला जायच्या चार दिवस आधी मी ठरवलं की हो म्हणायचं. गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून दहा वेळा "हो" म्हणून पाहिलं. म्हशीला पटलं. मग हॉलवर गेलो.

"ब्रदर, घाला पाण्यात. तिच्या जीवाला बरं वाटंल."

त्यांनी हॉलमागचा बाप्तिस्म्याचा हौद भरायला लावला. तोवर समोर बसवून एकेक विचारलं. प्रभूनं तुमच्यासाठी जीव दिला, मानता? म्हणालो, मानतो. वैऱ्याला क्षमा करता? म्हणालो, करतो. त्याच्यावाचून दुसरी वाट नाही, मानता?

मी तोंड उघडलं. म्हशीसमोर आलेला शब्द तिथं येईना. हौदाचा नळ वाहत होता. पाणी काठाला आलं, सांडायला लागलं, तरी मी तसाच.

ब्रदरांनी उठून नळ बंद केला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरी जा, तात्या. तिच्यासाठी खोटं बोललात, तर तिलाच कळेल."

घरी आलो. कुणीतरी तिला आधीच सांगितलं असावं. ती दारात बसून होती. जवळ बोलावलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"केस कोरडेच की," म्हणाली. आणि भाकरी वाढायला उठली.

*

ऑपरेशनच्या दिवशी ब्रदर सकाळच्या गाडीनं नांदेडला आले. त्यांनी प्रार्थना केली. कौसाला हिरवे कपडे घालून चाकाच्या खाटेवर झोपवलं होतं. आता ती मला शेवटचं विचारणार, असं धरूनच मी खाटेजवळ उभा होतो. काय सांगणार होतो, देव जाणे.

तिनं मला काही विचारलंच नाही. तिनं ब्रदरांना हाक मारली.

"ब्रदर, तिथं गर्दी लय असती का हो?"

"कुठं, मावशी?"

"वर."

ब्रदर म्हणाले, "असेल, मावशी. पुष्कळ लोक असतील."

"मग जागा धरता येती का?"

"जागा?"

"एष्टीत धरतेत तशी."

ब्रदरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. तेवढ्यात सिस्टर आली. "चला आजी, वेळ झाली. अंगावरचं सगळं इथं काढून द्या. आत काही न्यायचं नाही."

कौसानं बांगड्या दिल्या. मंगळसूत्र दिलं, ते मी खिशात ठेवलं. उजवी मूठ मात्र उघडेना.

"मुठीत काय आहे, आजी?"

सिस्टरनं एकेक बोट सोडवलं. आत माझा रुमाल होता, चौपदरी घडी घातलेला.

"अहो, हा कशाला आत?"

"राहू द्या बाई," कौसा म्हणाली. "हे लय सावकाश येतेत."