कापणारं कोणी नव्हतं

सरकारी दवाखान्यात सगळे त्यांना भूलकाका म्हणत. ते डॉक्टर नव्हते, पण ऑपरेशनआधी रोग्याला भूल देणं हे त्यांचं काम. सुई टोचता टोचता ते रोग्याकडे घरच्या चौकश्या करत, आणि बोलता बोलता त्याचा डोळा लागे. त्यांची बायको म्हणायची, "सगळ्या गावाला झोपवतात, पण इतक्या वर्षांत मला काही गप्प करता आलं नाही." त्यावर ते स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसत.

मग शेजारच्या देशांशी करार झाला. सीमेवर माल किंवा माणूस अडवायचा नाही, एका देशातली पदवी दुसऱ्या देशात चालेल. दवाखान्यात आनंदीआनंद झाला. औषधं वेळेवर येतील, यंत्रं येतील, तिकडचे डॉक्टर शिकवायला येतील, असं दवाखान्याचे मोठे साहेब भाषणात म्हणाले. काकांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांची मुलगी तेव्हा डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती.

औषधं आली, हे खरं. डॉक्टर मात्र आले नाहीत, गेले. आधी हाडांचे, मग लहान मुलांचे. सीमेपलीकडे नवी मोठी रुग्णालयं उभी राहिली होती. तिथे यंत्रं होती, हाताखाली माणसं होती. कुणाला नावं ठेवायची? सर्जनबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. निरोप घेताना त्या काकांना म्हणाल्या, "एकटीने किती वर्षं ओढायचं? मान मोडली हो माझी."

शिकवणारेच उरले नाहीत म्हणून डॉक्टरकीच्या कॉलेजात नवी मुलं घेणं बंद झालं. काकांच्या मुलीची तुकडी शेवटची. परीक्षा देऊन ती त्याच दवाखान्यात उमेदवारी करू लागली. ऑपरेशन थिएटरला कुलूप असायचं. पोट कसं उघडतात, हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि सर्जनबाईंच्या मागे उभं राहून चारदोनदा पाहिलं होतं.

एका दुपारी एका कारखान्यातली शिवणकाम करणारी बाई आणली. बरोबर तिची सासू होती. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली होती, पोटात रक्त साचत होतं. बाई पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीवर होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, थिएटर उघडा. तुम्ही भूल द्या, मी कापते."

"तू कधी सुरी हातात धरली आहेस?"

"नाही. पण सर्जनबाईंना फोन लावू. त्या सांगतील तसं करते."

"फोनवरून पोट कापतात का, बाळा? हात चुकला तर इथेच जाईल ती."

"आणि नेता नेता गेली तर?"

काकांनी सलाईनची बाटली उचलली. मग म्हणाले, "गाडी काढा."

ते स्वतः गाडीत बसले. सलाईन दाबत, नाडी धरून. बाईला बोलतं ठेवायचं म्हणून त्यांनी नेहमीसारख्या चौकश्या सुरू केल्या. पोरं किती? मोठी काय करते? बाई उत्तरं देत होती, मग अर्धीच देऊ लागली, मग थांबली. सीमेच्या नाक्यावर कुणीही अडवलं नाही. करारच होता तसा. पण नाका येईपर्यंत नाडी हाताला लागेनाशी झाली होती.

सासू म्हणाली, "झोपली का हो ती?"

पलीकडच्या रुग्णालयात सर्जनबाई दारातच भेटल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मला फोन केला असतात तर..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात काकांना सोसला नाही.

मुलीने त्यांना एका शब्दानेही बोल लावला नाही. जेवायला वाढायची, समोर बसायची. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटे.

काही दिवसांनी काकांनीच सर्जनबाईंना फोन लावला. "माझ्या मुलीला हाताखाली घ्या. इथे राहिली तर गोळ्या वाटत म्हातारी होईल."

आतून बायको म्हणाली, "इथली शेवटची डॉक्टर तुम्हीच पाठवताय. कळतंय का?"

"कळतंय," काका म्हणाले.

मुलगी गेली. थिएटरमध्ये आता औषधांची खोकी रचतात. काका बाहेर टेबलावर बसून खोकला-तापाला औषध देतात, आणि पोट धरून कुणी आलं की गाडी मागवतात. काही पोचतात.

परवा बाजारपेठेतला एक दुकानदार त्यांच्याकडे मुद्दाम आला. पलीकडे जाऊन ऑपरेशन करून घेऊन आला होता. शर्ट वर करून टाके दाखवत म्हणाला, "काका, तुमच्याच मुलीने केलं! काय हलका हात आहे हो पोरीचा!"

काका त्या टाक्यांकडे बराच वेळ बघत राहिले. एकसारखे, नेटके. बाकावर एक बाई पोट धरून बसली होती आणि गाडी अजून आली नव्हती.

"बारीक झालीय का ती?" त्यांनी विचारलं.

"नाही, चांगली आहे. तुमची चौकशी करत होती."

"बरं," म्हणून काका बाकावरच्या बाईची नाडी बघायला उठले.