मंगळाचे चंद्र आणि माझा उजवा डोळा

मंगळाला दोन चंद्र आहेत, हे गोंदियाकडच्या मुर्रीजवळच्या शाळेत मी वीस वर्षं शिकवत आले. स्वतः मात्र ते कधी पाहिले नव्हते. इतके लहान आणि ग्रहाच्या इतके लगत, की त्याच्या झगमगाटात बुडून जातात.

मंगळ पृथ्वीच्या जवळ आला त्या हिवाळ्यात नागपूरहून काही हौशी मंडळी मोठी दुर्बीण घेऊन इटियाडोह धरणावर आली. नवऱ्याच्या मोटरसायकलवर आम्ही दोघं संध्याकाळी तिथे पोचलो. दुर्बिणीत काळी पट्टी लावून मंगळ झाकायचा आणि त्याच्या कडेला बघत राहायचं, अशी त्यांची रीत. बराच वेळ काही दिसेना. मग बाजूला एक ठिणगी चमकली.

"दिसला," मी म्हणाले.

दुर्बीणवाल्याने पाहिलं. त्या बाजूला काही नाही म्हणाला. मी पुन्हा वाकले, पुन्हा ठिणगी. डोळे मिटले, तरी ठिणगी. कुणाला काही न बोलता मी परत मोटरसायकलवर बसले.

सकाळी फळ्यावर लिहिताना उजव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यातून राखाडी सावली वर चढत होती. दुपारी धान मळणीवर जाऊन नवऱ्याला सांगितलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून कितीतरी वेळ पाहिलं, आणि मग माझ्याशी बोलायचं सोडून नवऱ्याशी बोलू लागले. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. आजच नागपूर गाठा, म्हणाले.

गाडीत प्रत्येक स्टेशनाला मी डावा डोळा झाकून बघे, उजव्यात किती उरलंय. तुमसरला समोरच्या बाईचा चेहरा होता. कामठीला नुसतं कपाळ. शेवटी नवऱ्याने माझा हात धरून खाली ठेवला.

ऑपरेशन झालं. पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला होता, म्हणून आठ दिवस पालथं पडून राहायचं. पडदा पुन्हा चिकटेल की नाही, ते कुणी सांगत नव्हतं. उशीत तोंड खुपसून मी अंधार मोजत राही. माझं मन रमावं म्हणून नवरा माझीच शाळेची टिपणवही वाचून दाखवी. त्यात त्या चंद्रांची हकिगत होती. दीडशे वर्षांपूर्वीचा तो अमेरिकेतला खगोलशास्त्रज्ञ शोध सोडून देणार होता. बायकोने त्याला परत दुर्बिणीपाशी धाडलं. एक चंद्र दिसला आणि लगेच नदीवरून धुकं आलं. धुकं हटेपर्यंत कित्येक दिवस त्याची खात्री होईना. पुढे दुसराही सापडला, आणि दोघांना ग्रीक नावं मिळाली. अर्थ, भय आणि धास्ती.

नवरा थांबला. "असे नावं काऊन ठेवले?"

मंगळ म्हणजे ग्रीकांची युद्धदेवता, तिचे ते सोबती, मी उशीतूनच सांगितलं.

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "मले बी भेव लागून राहिला. तुले सांगितलं नाही."

त्या आठ दिवसांत मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

पडदा चिकटला. नजर आली, पण फळ्यावरची सरळ रेघ किंचित वाकडी दिसते. डाव्याचाही पडदा सुटू नये म्हणून त्याला लेझर मारून ठेवलंय. पावसाळ्यात वीज चमकली की मी आधी नवऱ्याला विचारते, "तुम्हालाही दिसली ना?"