आत्याने निवडलेला अँटिव्हायरस

आमची आत्या फारशी कुणाला आवडत नसे, आणि तिला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली. लग्न तिने केलं नाही. आजोबांनी घर दोन्ही मुलांच्या नावावर ठेवलं होतं, त्यामुळे निवृत्तीनंतर ती आणि बाबा एका छपराखाली आले आणि घरात धुसफूस सुरू झाली. दोघं समोरासमोर बसून जेवत, पण बोलत ते माझ्या आईमार्फत.

"तुझ्या नणंदेला सांग, नळ नीट बंद करत जा."

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, आधी वायसर बदल."

आई मान खाली घालून दोघांना वाढत राही.

कॉम्प्युटरही दोघांत एकच, मधल्या खोलीत. आत्या कानाला हेडफोन लावून एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट टाइप करायची. बाबा त्यावर पत्ते खेळायचे. मशीनमधल्या अँटिव्हायरसची मुदत संपली आणि नवा कुठला घ्यायचा यावरून रण पेटलं.

आत्याची निवडायची तऱ्हा तिची स्वतःची होती. तिने माहितीपत्रकं बाजूला सारली आणि एकेका कंपनीला फोन लावला. प्रत्येकाला एकच प्रश्न. "तुमचं सॉफ्टवेअर उद्या काढून टाकायचं म्हटलं, तर पूर्ण निघतं का?" एका ठिकाणी नुसतं संगीत वाजत राहिलं. दुसरीकडचा माणूस तिच्या प्रत्येक वाक्याला "नक्कीच मॅडम" म्हणत होता. "हा माणूस घर जळतंय म्हटलं तरी नक्कीच म्हणेल," असं म्हणून आत्याने फोन आपटला. तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी म्हणाली, "मला नक्की माहीत नाही, विचारून सांगते." आणि तिने खरंच उलट फोन करून सांगितलं. आत्याने तिथेच ठरवून टाकलं.

"फुकट मिळत असताना विकत घेणारी माणसं मी बघितली नव्हती," बाबा आईला म्हणाले, पण आवाज मधल्या खोलीपर्यंत जाईल असा. मला आजही वाटतं, आत्याने फुकटचा निवडला असता तर त्यांनी विकतचा आणला असता. तिने निवडला एवढंच त्यांना खुपत होतं.

नवा अँटिव्हायरस मशीनमध्ये घालायच्या आधीच एका दुपारी आत्या दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि बाबा मशीनसमोर बसले. पडद्यावर मोठी लाल ढाल झळकत होती: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये धोकादायक व्हायरस सापडले आहेत, मोफत तपासणीसाठी इथे दाबा.

"बाबा, तपासायच्या आधीच कसे सापडले?" मी विचारलं.

"तू आत्याची चमची आहेस. जा इथून."

त्यांनी दाबलं. ढाल फिरली, हिरवी झाली. बाबा विजयी मुद्रेने पत्ते खेळायला लागले.

आत्या गालावर हात धरून परत आली तोवर तिच्या एकाही फाइलचं नाव ओळखू येत नव्हतं. उघडायला गेलं की एकच निरोप येई: पैसे भरा, नाहीतर सगळं विसरा.

"तू काय केलंस?" आत्या म्हणाली. आईला मध्ये न घेता बाबांशी बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. भूल पुरती उतरलेली नव्हती, ओठ एका बाजूला ओघळला होता.

"मी काही केलं नाही. दिवसभर परक्या लोकांच्या फायली उघडत बसतेस, तुझ्याच मेलमधून आलं असणार."

"मी दारातून बाहेर पडले तेव्हा मशीन धडधाकट होतं."

"ताई, तुझं भलंच करायला गेलो होतो मी."

"माझं भलं?" ती म्हणाली. "तुला माझं भलं करायचं असतं तर तू हात मागे ठेवले असतेस."

मग तिने दवाखान्यात फोन लावला. तो तिचा एक्स्चेंजमधला आवाज होता, सपाट आणि स्वच्छ. काय झालं ते तिने सांगितलं. भावाचं नाव घेतलं नाही. "मशीनला दुसऱ्याचा हात लागू दिला, ही माझी चूक," एवढंच म्हणाली. पलीकडून बराच वेळ काही बोललं गेलं. रोग्यांची माहिती बाहेर गेली असेल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचं काम काढून घेतलं.

तिने फोन ठेवल्यावर बाबा आईकडे वळले. "बघ, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं ना!"

आईने हातातलं भांडं तिथेच ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी जेवायला तिने कुणालाच हाक मारली नाही. रात्री मी आत्याला लाल ढालीबद्दल सांगितलं.

आत्याने स्वतःसाठी वेगळा छोटा कॉम्प्युटर आणला, आपल्या खोलीत मांडला, दाराला कडी बसवून घेतली आणि त्यात त्याच मुलीच्या कंपनीचा अँटिव्हायरस घातला. काम मिळेना. टाइप करायला कुणी काही देईना, तेव्हा ती दुपारी नुसती हेडफोन लावून बसलेली मी पाहिली आहे. पुढे एका वकिलाने कोर्टातल्या साक्षी उतरवायला दिल्या आणि तिचा जम बसला.

मधल्या खोलीतलं मशीन दुरुस्तीवाल्याने पुसून कोरं करून दिलं, तेव्हा बाबांनी आईला पाठवलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "वन्सं, तुम्ही कोणता घातलाय ते विचारतायत."

"लाल ढालीचा घ्या म्हणावं, फुकट आहे."

आई हसली. आईला त्या घरात मनापासून हसताना मी तेव्हा पाहिलं, त्याआधी कधी ते आठवत नाही.

दोघं अजून तिथेच राहतात. मागच्या आठवड्यात मी गेले, तेव्हा आत्यासाठी चहा घेऊन आत डोकावले. कुठल्यातरी भाडेकरूची साक्ष चालली होती, तिची बोटं थांबत नव्हती. मी म्हटलं, "बाबांना हल्ली नीट दिसत नाही. तुझी चौकशी करत होते."

तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "दिसत होतं तेव्हा काय दिवे लावले?" म्हणाली, आणि कप ठेवून जाताना दार ओढून घ्यायला सांगितलं.