चौथं भोक

रविवारी आम्ही तिघं मिळून थालीपीठं लावतो. नवरा कांदा चिरतो, मी ओल्या फडक्यावर थापते आणि सात वर्षांची सई तेल सोडायला बोटाने भोकं पाडते. आज तिने चार पाडली. चौथं अगदी काठाला गेलं होतं. थालीपीठ फाटेल म्हणून मी ते ओल्या बोटाने बुजवून टाकलं.

"अगं आई, ते आजीचं होतं," सई म्हणाली. "हे तुझं, हे बाबांचं, हे माझं."

माझी आई दिवाळीपासून भावाकडे असते. घर लहान पडतं, असं मीच म्हणाले होते. तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि पिशवी भरली. भाजणी मात्र अजून तिचीच येते. दुखऱ्या गुडघ्यांनी गॅसपाशी उभी राहून ती एकेक धान्य वेगळं भाजते, दळून आणवते, डब्यावर माझं नाव लिहून पाठवते. या वेळचा डबा पोचल्याचं मी तिला अजून कळवलेलंही नाही. आणि लोकांना तोऱ्यात सांगते, आम्ही सगळं घरचंच खातो. कुणाच्या घरचं, हे कुणी विचारत नाही म्हणून बरं.

"तीन पुरतात गं," मी सईला म्हटलं आणि थालीपीठ तव्यावर टाकलं. तेल सोडलं, झाकण ठेवलं. खरपूस वास सुटला. उलटायला गेले, तर बाकी सगळं अलगद सुटलं. मी बुजवलेल्या जागी तेल पोचलंच नव्हतं. तेवढा तुकडा तव्याला धरून राहिला.