तिरका कठडा

भिंत सरळ आहे का ते दाखवणाऱ्या गवंड्याच्या लंबकावरून गल्लीत तिला सगळे ‘ओळंबा’ म्हणायचे. कुणाच्या घरी गेली, की ‘या, बसा’ म्हणायच्या आत हिची नजर चौकटीवर. "ही इथं कललीय बघा." वडील सुतार. त्यांची हत्यारं भावाला नको होती, ती हिनं उचलली आणि घरदुरुस्तीचा धंदा उभा केला. गळका नळ, कुरकुरणारी बिजागरी, निखळलेली फरशी. काम केवढंही असो, हात फिरवून खात्री पटल्याशिवाय ती उठायची नाही.

भावजय टेलरकडे शिवणकाम करायची. ते दुकान बंद पडलं तेव्हा ओळंबा म्हणाली, "वहिनी, माझ्याबरोबर या. सुईत दोरा ओवणारे हात मला हवेतच."

नणंदेच्या हाताखाली काम म्हणजे आगीतून फुफाट्यात, असं भावजयीला वाटलं. पण गेली.

एकदा एका म्हाताऱ्या घड्याळजींच्या घरचं काम आलं. त्यांची नजर पार गेली होती. त्यांची मुलगी म्हणाली, "बाथरूमचं दार घासतंय, तेवढं बघा. आणि ही भिंत रंगवून टाका. बाबांनी हात लावून लावून काळी केलीय. कोणी आलं की लाज वाटते."

पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीवर मळकट पट्टा उमटला होता. ओळंबानं त्यावरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, जरा चालून दाखवता?"

म्हातारा निघाला. हात बरोबर पट्ट्यावरून सरकत गेला. पुढे दमून त्याची पाठ वाकली, हात खाली उतरला. पट्टाही तिथंच खाली उतरला होता! भावजय मघापासून त्या भिंतीकडं बघत होती. तिला नुसता मळ दिसला होता.

"रंग राहू दे. इथं कठडा बसवू," ओळंबा म्हणाली.

"बसवा, पण सरळ बसवा हं," मुलगी म्हणाली.

"नाही, तिरकाच. बाबांनी रेघ आखून ठेवलीय. आम्ही फक्त स्क्रू मारायचे."

तसबीर केसभर कलली तरी जिला चैन पडत नाही, तिनं सपाटी तपासायची पाणसळ पिशवीतून काढलीसुद्धा नाही! लाकूड रंध्यानं तासून गोल केलं, घासलं, मग त्यावरून कापूस फिरवला. जिथं तंतू अडकला, तिथं पुन्हा घासलं. भावजय तोंडात बोट घालून बघत राहिली.

मग चाचरत म्हणाली, "ताई, कठडा संपला हे त्यांना कळणार कसं? हात एकदम हवेत जाईल. शेवटाच्या थोडं अलीकडं, खालच्या अंगाला एक खाच ठेवली तर? बोटाला लागेल अशी."

ओळंबानं तिच्याकडं पाहिलं आणि कानस तिच्या हातात दिली. "तुम्हीच करा."

दार तासून झालं, कठडा बसला. घड्याळजी उठले. हात सरकत सरकत खाचेपाशी आला आणि थबकला. बोट तिथंच मागंपुढं फिरलं, बारीक चाकाचे दाते चाचपावेत तसं.

"आलं दार," ते म्हणाले. आणि दार न उघडताच वळून पलंगाकडं निघाले. तिथून पुन्हा दाराकडं. मुलगी पाठोपाठ धावली. "बाबा, दमाल!"

"दमू दे गं."

हत्यारं पिशवीत भरायची सोडून भावजय कानस घट्ट धरून उभी होती.