आजीची तिथी विचारायला

आमच्या गावाचं नाव गामगोल, म्हणजे गाम फळांची घळ. गावात गामचं झाड एकही नाही. इथला हिवाळा असा की रात्री विहिरीवर विसरलेली बादली सकाळी कुऱ्हाडीनं सोडवावी लागते. ते नारिंगी, मऊ फळ इथे कुठलं तग धरणार? पण आमचे बापजादे कोरियाच्या दक्षिणेतल्या ज्या गावातून आगगाडीत कोंबून इकडे मंचुरियात आणले गेले, त्या गावाचं नाव गामगोल होतं. येताना त्यांना जमीन आणता आली नाही, थडगी आणता आली नाहीत. नाव आणता आलं, ते आणलं.

ओकबुन वहिनी याच गावात जन्मली आणि याच गावात नांदली. तिचा नवरा माझा जिवलग. त्याला अर्धांगवायू झाला तेव्हा सोयाबीनचं शेत, तंबाखूची पानं आणि अंथरुणाला खिळलेला नवरा, सगळं तिनं एकटीनं ओढलं. तोंडानं फटकळ. तिच्या अंगणातल्या रांजणांतलं आंबवलेलं सोयाबीन मागायला अख्खं गाव यायचं, आणि प्रत्येकाला ते एका टोमण्यासकट मिळायचं.

तिचे वडील विशीत इकडे आले. ‘दोन पिकं काढतो आणि परत येतो,’ असं आईला सांगून आले. मग लढाया झाल्या, सरहद्दी पडल्या, देशाचे दोन देश झाले. पत्र जायची वाट उरली नाही. वर्षं लोटली तेव्हा त्यांनी आपलं आपणच समजून घेतलं की आई गेली असणार. केव्हा गेली, हे मात्र नुसतं समजून घेऊन समजत नाही.

आमच्यात गेलेल्या माणसाला त्याच्या तिथीला जेवू घालतात. तो येतो, भाताची वाफ जेवतो, जातो. ज्याची तिथी माहीत नाही, त्याला नवव्या महिन्यातल्या नवमीला पान वाढायचं. ओकबुनचे वडीलही वाढत. पण त्यांचं समाधान होत नसे. म्हणायचे, “ती तिच्या खऱ्या दिवशी येत असेल आणि दार बंद बघून माघारी जात असेल. नवमीला आपण हाक मारतो तेव्हा ती कुठे असेल, कोण जाणे.” त्यांना मुलगा नव्हता. मरताना त्यांनी ओकबुनलाच सांगितलं, “जमलं तर जा, आणि तेवढं विचारून ये.”

तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. दक्षिणेत जायचं, वडिलांच्या घरच्या दाराशी उभं राहायचं आणि आजीची तिथी विचारायची. आधी परवानगी मिळत नव्हती. परवानग्या मिळायला लागल्या तोवर नवरा आजारी पडला. तो गेला, आणि मुलगी सोल्मे कामासाठी तिकडे गेली. गावातली सगळी तरणी माणसं तिकडेच गेली आहेत. सोल्मे इस्पितळात म्हाताऱ्यांची सेवा करते. दर नव्या वर्षाला तिचा फोन यायचा. “आई, यंदा नेते तुला.” आणि दर वर्षी काहीतरी निघायचं.

शेजारची जोम्सुन ओकबुनला चिडवायची, “पोर नेते नेते म्हणतेय. बघ हं, नाहीतर एक दिवस आम्हालाच न्यावं लागेल तुला, टेकडीवर.”

“तुझा खांदा नको गं बाई मला. वाटेत पाडशील.”

या वर्षी, आठव्या महिन्याची पुनव झाल्यावर सोल्मे स्वतःच आली. तिकिटं काढून आली. ओकबुन वहिनीनं त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, “यंदापासून माझ्या घरी नवमी नाही. आजीला तिच्या दिवशी जेवू घालणार.”

मग बांधाबांध सुरू झाली. वाळवलेली अळंबी, डोंगरातली सुकवलेली रानभाजी, तीळ. वडिलांच्या भावाची माणसं त्या घरात असतील, त्यातल्या प्रत्येकासाठी वेगळं गाठोडं. जोम्सुन म्हणाली, “विमान उडेल ना गं एवढ्यानं?” वहिनीनं ऐकलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष कसं विचारायचं याकडे. दारात जाऊन एकदम विचारलं तर त्या लोकांना वाटायचं, ही जाब विचारायला आली. तिनं मला घरात बोलावलं आणि भिंतीशी बोट दाखवलं.

“भाऊजी, तिथे बसा. तुम्ही त्या घरचे कर्ते.”

“मी कशाला? जोम्सुनला बसव.”

“तुमचं तोंड तसलंच आहे. कुणाला काही न देणाऱ्याचं.”

मी बसलो. ती दारातून आली, दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीपर्यंत वाकली. मुलाबाळांचं विचारलं, पिकांचं विचारलं. मग खाली बघत म्हणाली, “आमच्या आजीला तुम्ही कुठल्या दिवशी पान वाढता?” इतक्या हळू म्हणाली की मला खरंच उत्तर द्यावंसं वाटलं. कोपऱ्यात सोल्मे घड्या घालत होती. ती उठून बाहेर गेली.

दुपारी मी पडवीत तंबाखूची पानं ओवत होतो. सोल्मे येऊन बसली. न सांगता सुई उचलून तीही ओवायला लागली. अर्धी माळ झाल्यावर म्हणाली, “काका, मी जाऊन आलेय तिथे.”

“कुठे?”

“गामगोलला. तिकडच्या. चार वर्षं झाली.”

मी हातातलं पान खाली ठेवलं.

“आईच्या चुलतभावाची विधवा आहे. तिनं दार उघडलं आणि आधी विचारलं, जमिनीचं काही नाही ना? मी म्हटलं, नाही, एक तिथी हवी आहे फक्त. मग आत घेतलं. जेवायलाही घातलं.”

“मग? कळली?”

“त्यांनाही माहीत नाही, काका.” ती पानाकडेच बघत होती. “लढाईच्या उन्हाळ्यात सगळं गाव निघालं. म्हातारीही निघाली. वाटेत मागे पडली. परत आल्यावर शोधलं, सापडली नाही. कोणत्या दिवशी गेली, कुणी पाहिलंच नाही. तेही नवमीलाच वाढतात. आमच्या आजोबांनाही नवमीलाच. त्यांचंही त्यांना काही कळलं नव्हतं.”

इकडून मुलगा आईला जेवू घालत होता आणि तिकडचे दोघांना, एकाच दिवशी, आणि कुणाला कुणाचं ठाऊक नाही.

“आईला कसं सांगू? ती त्या एका प्रश्नावर जगलीय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मी एखादी तारीख सांगून टाकू का? पाचव्या महिन्यातली. त्या बाईंना फोन करून पटवते. कुणाचं काय जातंय?”

मला ते बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी ‘सांग’ म्हणणारच होतो. पण वहिनी नवमी बंद करणार होती.

“सोल्मे,” मी म्हटलं, “जिवंत माणसाशी खोटं बोललीस तर कधीतरी परत खरं सांगता येतं. त्या म्हातारीला तू कुठे गाठणार? दोन्ही घरांनी हाक मारायचा तिचा एकच दिवस आहे. त्यातलं एक घर तू बंद करशील.”

ती रडली नाही. ओवलेली माळ खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “मग तुम्ही चला माझ्याबरोबर.”

वहिनी अंगणात कोबी धूत होती. सोल्मेनं तिच्यासमोर उकिडवं बसून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, जमिनीचंही नाही. वहिनीचे हात पाण्यात तसेच राहिले.

“चार वर्षं ठाऊक आहे तुला.”

“हो.”

“म्हणून दर वर्षी कामं निघायची.”

सोल्मेनं मान खाली घातली. वहिनीनं कोबीचा गड्डा बाहेर काढला, निथळला, पुन्हा पाण्यात सोडला. मी तिला नवरा गेला तेव्हाही पाहिलं आहे. तेव्हा ती ओरडून रडली होती. आता नुसती बसून राहिली. पाणी थंड होतं, बोटं लाल झाली होती, तिला ते कळत नव्हतं.

“परक्या दारात जायचं तर काहीतरी विचारायचं असावं लागतं,” ती शेवटी म्हणाली. “आता मी तिथे जाऊन काय विचारू?”

जोम्सुन कुंपणापाशी आली होती. आमच्याकडे बघून परत गेली. ऊन भिंतीवर चढलं. मला वाटलं, आता ही तिकिटं परत करायला सांगणार. सोल्मेलाही तेच वाटलं असावं. ती म्हणाली, “आई, नको वाटत असेल तर नको जायला.”

वहिनीनं हात कमरेच्या फडक्याला पुसले.

“कुठल्या रस्त्यावर मागे पडली, ते सांगितलं त्या बाईनं?”

“नदीकडे जातो त्या.”

“आहे तो अजून?”

“आहे. डांबरी झालाय आता. बस जाते.”

“बस नको. चालू.”

“आई, तुझे गुडघे.”

“मग सावकाश चालू,” वहिनी म्हणाली. “ती काय पळत होती? म्हातारीच होती ती.”