घासलेले डबे

हिंगाचा डबा व्हिनेगरने घासायला घेतला आणि त्या उग्र वासाने मला थेट लेकीच्या शाळेत नेऊन बसवलं. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या त्या शाळेत पालकांना शिक्षिकेबरोबर दहाच मिनिटं मिळायची आणि मुलांनीही शेजारी बसायची पद्धत होती. बाहेर भिजणाऱ्या सायकली, आत ओल्या कोटांचा आणि मशीनच्या कॉफीचा वास. लेकीचे गुण घसरले होते, पुढच्या वर्षी तिला सोप्या अभ्यासक्रमात घालायचं का, असं बोलणं चाललं होतं. मी घाईने तिची बाजू घेतली. "मुलगी गुणी आहे हो. परीक्षा आली की न सांगता माझे सगळे डबे घासते, मसाल्यांचेसुद्धा." शिक्षिकेने लेकीकडे पाहिलं, लेकीने खाली, आणि दोघी एकदम हसल्या. "सॉखन," लेक पुटपुटली. अभ्यास टाळायला मुलं जे काही करत बसतात, त्याला ती असं म्हणतात, हे मला शिक्षिकेनेच इंग्रजीत समजावलं. पेपर तपासायचे असले की त्या स्वतः खिडक्या पुसत बसतात म्हणे. मला कळेना, हसावं, रागवावं की डब्यांबद्दल लेकीचे आभार मानावेत. दिवाळीत तर सगळ्यांना कौतुकाने सांगून झालं होतं. शिक्षिकेने लेकीला आहे तिथेच राहू दिलं, आणि त्याच वाटेने ती आता डेल्फ्टच्या विद्यापीठात पोचली आहे. आज चकचकीत डब्यांचा फोटो तिला पाठवला, तर लगेच उत्तर आलं, "आई, उद्या तुझी डचची परीक्षा आहे ना?"